राहत्या घराची आग : कायदा कोठें थांबतो व आपलें काम कोठें सुरू होतें

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपणां शेतकऱ्यांस कोणी शिकवावयास नको. पेरणीपूर्वीं बियाणें पारखून घेणें, मृगापूर्वीं कडब्याची गंज शाकारणें, उंसाची लागण करण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब पाहणें, हें सर्व आपण वेळच्या वेळीं करितों. परंतु ज्या घरांत आपलीं मुलेंमाणसें रात्रीं निजतात, त्या घरास आग लागल्यास पहिली जाग कोणास येणार, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतों.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या सभासदांपैकीं एकाच्या वस्तीवर अशी वेळ आली. जिन्याखालीं इन्व्हर्टर व त्याची बॅटरी, शेजारीं गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या, आणि त्यांवर रिकामीं पोतीं, अशी मांडणी होती. मध्यरात्रीनंतर केव्हां तरी तेथें ठिणगी पडली. घरांत नऊ माणसें निजलीं होतीं. एकासहि वास आला नाहीं. गोठ्यांतील गाय हंबरून दावें ओढूं लागली म्हणून घरांतील आजी उठल्या, आणि त्यांच्या हांकांनीं बाकीचीं माणसें उठलीं. माणसें वांचलीं, जिना, दोन खोल्या व वर्षाचें धान्य गेलें. पुढें भेट झाली तेव्हां घरधन्यानें आम्हांस विचारलें, “कायद्याप्रमाणें माझ्या घरांत आगीची सूचना देणारें काय असावयास पाहिजे होतें?” त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तेंच ह्या धड्यांत वाचकांपुढें मांडीत आहों.

उत्तर थोडक्यांत असें कीं, कायद्याप्रमाणें त्या घरांत आगीची सूचना देणारें कोणतेंहि यंत्र असण्याची सक्ती नव्हती. हें ऐकून घरधन्यास हायसें वाटलें. आम्हांस मात्र वाटलें नाहीं. तें कां, हें पुढें सांगतों.

१. धूर माणसास उठवीत नाहीं

आगीनें माणसें मरतात असें आपण म्हणतों. वास्तविक पुष्कळ वेळां ज्वाळा पोंचण्यापूर्वींच धुरानें प्राण जातो. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो घटक प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो. परिणाम असा होतो कीं, निजलेला माणूस जागा होण्याऐवजीं अधिकच गुंगींत जातो. धुराचा वास येऊन जाग येईल, हा भरंवसा खोटा आहे. झोंपेंत नाक मंद असतें, कान त्या मानानें जागे असतात. वर सांगितलेल्या घरांत धुरानें जें झालें नाहीं, तें गाईच्या हंबरण्यानें झालें, ह्याचें कारण हेंच.

दुसरी गोष्ट घरांतील सामानाची. जुन्या वाड्यांत मातीच्या भिंती, सागाच्या जाड तुळया, सुती गोधड्या व घोंगड्या असत. सागाची जाड तुळई वरून कोळसत जाते व आंतून पुष्कळ वेळ टिकते. आतांच्या घरांत फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कृत्रिम धाग्याचे पडदे, ठिबकच्या नळ्या, औषध-फवारणीचे डबे हें सर्व आलें. ह्या वस्तु झपाट्यानें पेटतात व काळा, विषारी धूर सोडतात. बाहेर पडण्यास पूर्वीं जो अवधि मिळे, तो आतां थोड्या मिनिटांवर आला आहे.

ह्याचें हृदय पिळवटणारें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत घडलें. १८ मे २०२५ रोजीं, रविवारीं पहाटे, सोलापूर येथें अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागली. कारखान्याच्याच जागेंत मालकाचें कुटुंब व कांहीं कामगार राहत होते. मालक, त्यांच्या घरचीं माणसें, एक तान्हें मूल व कामगार मिळून आठ जीव गेले. आगीचें कारण शॉर्टसर्किट असावें असा प्राथमिक अंदाज त्या वेळीं सांगण्यांत आला. त्या जागीं कोणती व्यवस्था होती व कोणती नव्हती, ह्याचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. आपणांस घ्यावयाचा धडा इतकाच कीं, जेथें मालाचें कोठार व माणसांची निजण्याची जागा एकाच छपराखालीं असते, तेथें पहाटेची आग सर्वांत घातक ठरते. आतां प्रत्येकानें आपल्या वस्तीवरचें घर डोळ्यांपुढें आणावें. खालीं खताचीं पोतीं, धान्य, नळ्या व डिझेलचा डबा. वर निजण्याच्या खोल्या. हें कोठार नव्हे तर काय?

२. कायदा काय सांगतो

ह्या विषयाचा आपल्या राज्यांतील मुख्य कायदा म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा होय. तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलांत आला व त्याखालील नियम २००९ सालीं झाले. त्याचें सार चार गोष्टींत सांगतां येईल.

पहिली गोष्ट जबाबदारीची. इमारतींत आग-प्रतिबंधक व्यवस्था करणें हें काम मालकाचें आहे. मालकाचा ठावठिकाणा लागत नसेल तर भोगवटादाराचें. आग विझविण्यास सरकार येईल, पण आग लागूं नये व लागल्यास माणसें सुटावींत, ह्याची तजवीज इमारतीच्या धन्यानें करावयाची, असा हा दंडक आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. कोणत्या इमारतीस किती व्यवस्था लागते, हें तिचा उपयोग, उंची व विस्तार ह्यांवरून ठरतें. त्यासाठीं कायद्यास अनुसूची जोडली आहे व राष्ट्रीय इमारत संहितेचा आधार घेतला आहे. ही संहिता प्रथम १९७० सालीं निघाली व २०१६ सालीं तिची मोठी सुधारणा झाली. तींत इमारतींचे नऊ वर्ग आहेत : निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक (ह्यांत रुग्णालयें येतात), सभा-समारंभाच्या, कार्यालयीन, व्यापारी, औद्योगिक, साठवणुकीच्या व धोकादायक. पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतींस उंच इमारती समजून त्यांचे नियम अधिक कडक केले आहेत.

तिसरी गोष्ट देखभालीची. यंत्रें बसविणें व त्यांची निगा राखणें हीं कामें परवानाधारक संस्थेकडून करून घ्यावयाचीं. तीं सुस्थितींत असल्याचें त्या संस्थेचें प्रमाणपत्र वर्षांतून दोनदां, जानेवारी व जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावयाचें. एकदां यंत्र बसविलें कीं काम संपलें, असें कायदा मानीत नाहीं.

चौथी गोष्ट अधिकाराची. अग्निशमन अधिकाऱ्यास इमारतीची पाहणी करण्याचा व उणीव आढळल्यास नोटीस देण्याचा अधिकार आहे. धोका मोठा दिसल्यास इमारत रिकामी करविण्याचा आणि वीज व पाणी तोडविण्याचाहि अधिकार आहे. कायदा मोडणारास कैद व दंड दोन्ही सांगितले आहेत.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हा शहरांतल्या लोकांचा कायदा. आपला त्याशीं संबंध काय? संबंध आहे, आणि तो वाढत आहे. अकलूजच्या परिसरांत ज्याची चार एकर बागायत आहे, त्याचें रस्त्याकडेला एखादें मंगल कार्यालय असतें. कोणी डॉक्टरांस दवाखान्यासाठीं इमारत भाड्यानें दिलेली असते. कोणी विद्यार्थ्यांचें वसतिगृह चालवितो. कोणाचें शीतगृह, कोणाचे गाळे. ह्या इमारती कोणत्या वर्गांत पडतात व त्यांस काय लागतें, हें नगरपरिषदेंत किंवा परवानाधारक संस्थेकडे जाऊन एकदां लेखी समजून घ्यावें. भाडेकरू काय तें पाहून घेईल असें म्हणून धन्यास हात झटकतां येत नाहींत. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षांत आग लागून दहा बालकें दगावलीं. त्या दुःखानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीची चर्चा झाली. दाखला भिंतीवर टांगण्यासाठीं नसून रात्रीं दोन वाजतां उपयोगीं पडणाऱ्या व्यवस्थेसाठीं आहे, ही गोष्ट अशा प्रसंगानंतर तरी कोणी विसरूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एका किंवा दोन कुटुंबांचें, कमी उंचीचें, खाजगी राहतें घर घेतलें तर त्यांत धूर ओळखून वाजणारें यंत्र बसवावें अशी सक्ती ह्या कायद्यांत नाहीं. त्याचें कारणहि समजण्यासारखें आहे. लक्षावधि घरांत शिरून पाहणी करणें कोणत्याहि खात्यास शक्य नाहीं. म्हणून जेथें पुष्कळ परकीं माणसें एकत्र येतात, तेथें कायद्यानें आपली शक्ति खर्च केली. परंतु “सक्ती नाहीं” ह्याचा अर्थ “गरज नाहीं” असा आपण करितों, तेथें चूक होते.

विजेच्या बाबतींत मात्र नियम घराच्या उंबऱ्याच्या आंत येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनीं (२०१० व त्यानंतर २०२३) ठराविक भारावरील जोडणीस जमिनींत झिरपणारी वीज ओळखून प्रवाह तोडणारें साधन घालण्यास सांगितलें आहे. बाजारांत त्यास ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. आपलें घर त्या मर्यादेंत येतें कीं नाहीं, हा वाद न घालतां परवानाधारक वायरमनकडून तें बसवून घ्यावें. उडालेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार पिळून घालण्याची संवय म्हणजे वीज तोडणाऱ्या पहारेकऱ्याचे हात बांधून ठेवणें होय.

३. अकलूज व आसपासची स्थिति

अकलूज हें नीरा नदीच्या कांठचें, माळशिरस तालुक्यांतील बाजाराचें मोठें गांव. साखर कारखाने, दुकानें, दवाखानें, शिक्षणसंस्था ह्यांमुळें त्यास शहराचें रूप कधींच आलें होतें. तरी २०२१ सालीं नगरपरिषद होईपर्यंत कागदोपत्रीं येथें ग्रामपंचायतच होती. हा भेद केवळ नांवाचा नव्हे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचींत नगरपालिकांकडे सोंपवावयाचे अठरा विषय आहेत व त्यांत अग्निशमन सेवा हा एक विषय स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. पंचायतींसाठीं असलेल्या अकराव्या अनुसूचींत एकोणतीस विषय आहेत. शेती आहे, पाटबंधारे आहेत, दुग्धव्यवसाय आहे, पण अग्निशमन सेवा नाहीं.

म्हणजे गांवठाणांत राहणारा अकलूजकर आज नगरपरिषदेच्या आश्रयांत आहे. पण त्याच शेतकऱ्याचा भाऊ दोन कोसांवर शेजारच्या गांवच्या हद्दींत वस्ती करून राहत असेल, तर तो त्या बाहेर आहे. शेजारधर्मानें आगीचा बंब तेथेंहि येईल. परंतु केव्हां येईल, हा प्रश्न आहे. साधा हिशेब करून पाहूं. बंब वीस किलोमीटरांवर आहे व ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वेगानें येतो असें धरलें, तर वाटेंतच अर्धा तास गेला. त्यांत दूरध्वनि लागण्याचा, पत्ता समजण्याचा व पाणंद रस्त्यावरून वळण घेण्याचा वेळ धरलेलाच नाहीं. उंसाच्या दोन फडांमधून जाणाऱ्या वाटेनें बैलगाडी जाते, बंब जाईलच असें नाहीं. आणि खोली धुरानें भरण्यास तर थोडींच मिनिटें पुरतात. तेव्हां बंब घर वांचवूं शकेल, शेजारच्या गंजी वांचवूं शकेल. निजलेल्या माणसास बाहेर काढण्याचें काम त्यापूर्वींच घरच्या घरीं झालें पाहिजे.

४. इतर देशांनीं काय केलें

हाच प्रश्न इतर देशांपुढेंहि होता. तेथें कित्येक ठिकाणीं कायदा घराच्या आंत शिरला. इंग्लंडांत १९९२ पासून नव्या घरांत धूरसूचक यंत्र असावें असा बांधकामाचा नियम आहे व २०१५ पासून भाड्यानें दिलेल्या घराच्या मालकावर तें बसविण्याची जबाबदारी घातली आहे. स्कॉटलंडांत फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरांत एकमेकांस जोडलेलीं यंत्रें असावीं असा नियम आहे. एक वाजलें कीं सर्व वाजतात. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यांत २००६ च्या मे महिन्यापासून सर्व घरांस हें लागू आहे. जर्मनींत हा विषय राज्यांकडे आहे. तेथील एका राज्यानें २००३ सालीं आरंभ केला व पुढें सोळाही राज्यांनीं तसे नियम केले. अमेरिकेंतील आगींच्या नोंदी सांगतात कीं, चालू स्थितींतील यंत्र असलेल्या घरांत दर हजार आगींमागें होणारे मृत्यु, यंत्र नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांच्या निम्म्याहूनहि कमी आहेत.

आपल्याकडेहि उद्यां तसाच कायदा व्हावा कीं नाहीं, ह्यावर मतभेद होऊं शकेल. पण जें त्या देशांत कायद्यानें करावें लागलें, तें करण्यास आपणांस कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

५. धूरसूचक यंत्र व त्याची जागा

ह्या यंत्रास बाजारांत स्मोक अलार्म म्हणतात. तें तळहाताएवढें, गोल व छतास बसवावयाचें असतें. त्याच्या पोटांत अंधारी कोठडी असून तींत एक बारीक प्रकाशकिरण सोडलेला असतो. धुराचे कण आंत शिरले कीं प्रकाश विखुरतो, तो ओळखला जातो व मोठा कर्कश आवाज सुरू होतो. ह्या प्रकारास ऑप्टिकल किंवा फोटोइलेक्ट्रिक म्हणतात. धुमसणाऱ्या आगीस हा प्रकार लवकर ओळखतो, म्हणून आपल्या घरांस तोच बरा. वीज गेली तरी चालावा म्हणून बॅटरीवरचा घ्यावा. साधें यंत्र डीएपी खताच्या एक-दोन पोत्यांच्या किमतींत मिळतें. ह्याहून अधिक पैसा आपण एका फवारणींत खर्च करितों.

जागा निवडतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

निजण्याच्या खोल्यांबाहेर, जेथें सर्व दारें उघडतात त्या बोळांत किंवा ओसरींत एक यंत्र अवश्य असावें. घरास मजला असल्यास प्रत्येक मजल्यावर एक, आणि जिन्याच्या माथ्यावर एक. कारण जिना हा धुराचा धुराडाच असतो. खत, नळ्या व इन्व्हर्टर असलेल्या खोलींतहि एक असावें. मात्र तेथील आवाज निजलेल्यांस ऐकूं जातो कीं नाहीं, हें दारें लावून एकदां पाहावें.

स्लॅबच्या घरांत तें छताच्या मध्याजवळ लावावें; कोपऱ्यांत हवा साठून राहते. पत्र्याच्या घरांत अडचण निराळी असते. उन्हानें तापलेल्या पत्र्याखालीं ऊन हवेचा थर बसतो व धूर त्याखालींच अडकतो. म्हणून तेथें यंत्र पत्र्यास न चिकटवितां वीतभर खालीं, आडव्या लाकडास लावावें.

स्वयंपाकघरांत, चुलीजवळ किंवा देव्हाऱ्यासमोर तें लावूं नये. फोडणीच्या व उदाच्या धुरानें तें वाजूं लागतें, घरांतील माणसें कंटाळतात, आणि एके दिवशीं कोणी तरी बॅटरी काढून मुलांच्या खेळण्यांत घालतो. यंत्र निकामी होण्याचें हें सर्वांत मोठें कारण आहे. स्वयंपाकघरासाठीं उष्णता ओळखणारें निराळें यंत्र मिळतें, तें घ्यावें. गॅसची गळती ओळखणारें यंत्र घ्यावयाचें तर तें जमिनीजवळ लावावें. कारण शेगडीचा गॅस हवेपेक्षां जड असतो व खालीं पसरतो.

महिन्यांतून एकदां यंत्रावरील कळ दाबून आवाज ऐकावा. कोळिष्टकें व धूळ मऊ कुंच्यानें झाडावी. रंग देतांना त्यावर रंग जाऊं देऊं नये. दहा वर्षें झालीं कीं, तें वाजत असलें तरी बदलावें. खरेदी केल्याची तारीख त्याच्या पाठीवर शाईनें लिहून ठेवणें हा सोपा उपाय आहे.

६. घंटा वाजल्यावर

यंत्र उठवितें, बाहेर काढीत नाहीं. बाहेर पडण्याची वाट आपण ठेवली पाहिजे. चोराच्या भीतीनें आपण प्रत्येक खिडकीस पक्के गज बसवितों व दारास आंतून कुलूप घालितों. मग चोर आंत येत नाहीं हें खरें, पण माणूसहि बाहेर जात नाहीं. निजण्याच्या खोलीच्या एका तरी खिडकीचे गज आंतून उघडणारे असावे. कुलुपाची किल्ली दारालगत, मुलासहि ठाऊक असलेल्या खुंटीवर असावी. मुख्य दाराच्या वाटेंत विजेवर चालणारी दुचाकी चार्जिंगला लावूं नये व जिन्याखालीं इन्व्हर्टर ठेवूं नये. आग लागली तर तीच एकमेव वाट बंद होते.

धूर भरला असेल तर वांकून किंवा रांगत जावें. स्वच्छ हवा जमिनीलगत राहते. बाहेर पडतांना मागचें दार ओढून घ्यावें, म्हणजे आग व धूर कांहीं काळ अडतो. सर्वांनीं अंगणांत एका ठरलेल्या झाडाखालीं जमावें व माणसें मोजावीं. ज्यांस कमी ऐकूं येतें किंवा चालवत नाहीं अशा वडीलधाऱ्यांस कोणी बाहेर आणावयाचें, हें आधींच ठरलेलें असावें. दागिने, कागद किंवा पैसे ह्यांसाठीं कोणीहि परत आंत जाऊं नये.

आग लहान, टोपलीभर असेल तरच विझविण्याच्या भानगडींत पडावें. त्यासाठीं भारतीय मानक चिन्ह असलेलें, एबीसी भुकटीचें अग्निशामक नळकांडें दाराजवळ असावें. आगीच्या पलीकडे नसावें. विजेची आग असल्यास प्रथम मेन स्विच बंद करावा. पेटलेल्या तेलावर पाणी ओतूं नये. कढईवर झांकण ठेवून शेगडी बंद करावी.

मदतीसाठीं अग्निशमनाचा १०१, सर्व आपत्तींचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ व गॅसगळतीचा १९०६ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावे. त्यांखालीं आपला पत्ता लिहावा : गांव, गट क्रमांक, जवळच्या डीपीची खूण व फाट्यापासूनचें अंतर. घाबरलेल्या माणसास स्वतःच्या घराचा पत्ता सुचत नाहीं, हा अनुभव पुष्कळांचा आहे. एकानें फाट्यावर विजेरी घेऊन उभें राहावें.

७. आपल्या रानांतील कोप्या

येथपर्यंत आपल्या घराचा विचार झाला. पण आपल्या जमिनीवर निजणारीं सर्व माणसें आपल्या घरांत निजत नाहींत. गळीत हंगामांत बीड व इतर भागांतून ऊसतोड कामगार येतात व फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहतात. कोपी म्हणजे बांबू, चटई, पाचट व प्लॅस्टिकचा कागद; तिच्या दाराशीं चूल, आणि आंत लेंकरें. पहांटे आईबाप फडांत जातात तेव्हां कित्येकदां लहान मुलें तेथेंच निजलेलीं असतात. अशा कोपीस पेटावयास एक ठिणगी व एक वाऱ्याची झुळूक पुरे.

कोपींत धूरसूचक यंत्र चालणार नाहीं. चुलीच्या धुरानें तें दिवसभर वाजेल. तेथें दुसरे उपाय करावे लागतात व ते सर्व जमिनीच्या धन्याच्या हातचे आहेत. कोप्या विजेच्या तारांखालीं किंवा पाचटाच्या ढिगाजवळ घालूं देऊं नयेत. दोन कोप्यांत मोकळें अंतर ठेवावें व सभोंवतीं पाचट काढून जमीन स्वच्छ करावी. चुलींसाठीं कोप्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास एक जागा नेमून द्यावी. पाण्यानें भरलेलीं पिंपें व बादल्या, वाळूचा ढीग आणि टांगलेली लोखंडी पट्टी ही तेथील घंटा. प्रकाशासाठीं चिमणी किंवा मेणबत्ती लागूं नये म्हणून बॅटरीचा दिवा द्यावा. पहांटे मुलांपाशीं एक मोठें माणूस मागें राहील अशी व्यवस्था मुकादमाशीं बोलून ठरवावी. ह्यांतील एकाहि गोष्टीसाठीं कोणी अधिकारी नोटीस घेऊन आपल्या बांधावर येईल असें समजूं नये. म्हणूनच ती आपण करितों कीं नाहीं, ह्यावरून आपली खरी परीक्षा होते.

समारोप

पूर्वीं गांवांत आग लागली कीं देवळाची घंटा बडवीत, कोणी शिंग फुंकी, आणि हातोहात घागरी फिरत. त्या घंटेस कोणत्याहि कायद्यानें टांगलें नव्हतें. गांवानें टांगलें होतें. आज माणसें गांवठाण सोडून रानांत विखुरलीं, घंटेचा आवाज वस्तीपर्यंत पोंचत नाहीं. तेव्हां प्रत्येक घरानें आपली घंटा आपल्या छताला टांगावी, हें ओघानेंच आलें.

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एकत्र येऊन धूरसूचक यंत्रें घाऊक दरानें आणवावीं व ज्यांस तीं झेंपत नाहींत अशा घरांसाठीं वर्गणी करावी. १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन आहे. १९४४ सालीं त्या दिवशीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या जहाजावर स्फोट झाला व आग विझवितांना ६६ अग्निशमन जवान कामीं आले, त्यांचें हें स्मरण. तो दिवस नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. त्या दिवशीं प्रत्येक घरीं यंत्राची कळ दाबावी, खिडकीचे गज उघडून पाहावे, आणि मुलांकडून अंगणांतील झाडापर्यंत एकदां पळून दाखवून घ्यावें. कायद्यानें दुकानदारास व मंगल कार्यालयास जानेवारी व जुलै ठरवून दिले आहेत. आपल्या घरासाठीं आपण एप्रिल ठरवूं.

ज्या घरधन्यानें आम्हांस हा प्रश्न विचारला, त्यानें आतां घरांत तीन यंत्रें लावलीं आहेत. इन्व्हर्टर जिन्याखालून गोठ्याजवळच्या पक्क्या खोलींत गेला आहे. त्याच्या आजी मात्र म्हणतात, “यंत्रें असूं द्या, पण गाय गोठ्यांतून हलवूं नका.” आम्हीहि त्यांस तोच सल्ला दिला.